दिवसा टेबल, रात्री पलंग : भिंतीत मिटणाऱ्या पलंगाचे परीक्षण

दुहेरी उपयोगाच्या फर्निचरची जाहिरात बहुतेक वेळा दोन चित्रांत संपते. डावीकडे सोफा असतो, उजवीकडे पलंग. किंवा डावीकडे बुटके टीपॉय आणि उजवीकडे सहा माणसांचे जेवणाचे टेबल. या दोन चित्रांच्या मध्ये जे घडते ते मात्र दाखवलेले नसते. सोफ्यावरचे लोड कुठे ठेवले, टीपॉयवरचे वर्तमानपत्र, चष्मा आणि पाण्याचा तांब्या कोणी उचलला, सतरंजी कोणी गुंडाळली, हे सारे घरातल्याच कोणीतरी रोज करायचे असते. म्हणून अशी वस्तू सोफा म्हणून कशी आहे आणि पलंग म्हणून कशी आहे, हे प्रश्न मी नंतरचे मानतो; एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना किती आवराआवर करावी लागते, हे आधी पाहतो. ज्या वस्तूसाठी अर्धी खोली रिकामी करावी लागते तिचे रूपांतर सुरुवातीला हौसेने होते आणि मग ती कुठल्यातरी एका रूपात कायमची स्थिरावते. असे कायमचे पलंग झालेले सोफा-कम-बेड आपल्यापैकी अनेकांनी नातेवाइकांकडे पाहिले असतील.

या कसोटीला बऱ्याच अंशी उतरलेली एक वस्तू सध्या आमच्या घरात आहे. भिंतीलगत उभा मिटणारा डबल बेड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला जोडलेले, पलंग खाली येत असतानाही आडवेच राहणारे अभ्यासाचे टेबल, असे तिचे स्वरूप आहे. पुण्यातील एका कार्यशाळेने ती बनवून दिली. कार्यशाळेचे नाव देण्याचे कारण नाही. बिजागऱ्या, पंप आणि लोखंडी हात यांचा तयार संच बाजारात मिळतो, तो वापरून असे पलंग करणारे अनेक कारागीर आहेत, आणि पुढचे मुद्दे त्यांपैकी कोणाकडूनही काम करून घेताना लागू पडतील. आमची खोली दहा बाय अकरा फुटांची आहे. दिवसा तिथे पत्नीचे कार्यालयीन काम चालते, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, आणि साताऱ्याहून आई-वडील आले की तीच त्यांची झोपायची खोली होते.

गादी ६० बाय ७८ इंचांची आहे. मिटलेल्या अवस्थेत हा पलंग सव्वासात फूट उंच आणि साडेपाच फूट रुंद अशा कपाटासारखा दिसतो. टेबल धरून त्याने भिंतीपासून दोन फुटांहून जास्त जागा घेतली आहे. पलंग खाली आला की हे अंतर सात फुटांवर जाते. खोलीचे माप घेताना लोक एवढेच मोजतात, पण पलंग खाली येताना त्याच्या वाटेत काय काय येते तेही मोजायला हवे: खोलीचे दार आत उघडते का, खिडकीचा पडदा अडकतो का, विजेचा बोर्ड खोक्यामागे जातो का. स्कर्टिंगचाही प्रश्न असतो. भिंतीच्या तळाशी लावलेली टाइलची पट्टी अर्धा इंच पुढे असते, त्यामुळे खोका भिंतीला टेकत नाही. चांगला सुतार खोक्याच्या तळाला तेवढी खाच घेतो, घाईतला सुतार मागे लाकडाच्या चकत्या घालतो. आमच्याकडे खाच घेतली होती, आणि कामाची पारख करायला मला ती पुरेशी वाटली.

टेबल आडवे कसे राहते, हे पाहण्यासारखे आहे. टेबलाची फळी पलंगाला पक्की ठोकलेली नसते. ती दोन्ही बाजूंना फिरत्या खिळांवर धरलेली असते आणि लोखंडी हात तिला खालच्या चौकटीशी जोडतात. पलंगाची बाजू, लोखंडी हात, टेबल आणि चौकट मिळून एक समांतरभुज चौकोन तयार होतो. चौकोन कितीही कलला तरी त्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात, म्हणून पलंग ९० अंशांतून फिरला तरी फळी जमिनीला समांतर राहते आणि पलंगाखाली जमिनीलगत जाऊन थांबते. दुकानात पाण्याने भरलेला पेला टेबलावर ठेवून हे दाखवतात. पाणी हिंदकळते, सांडत नाही. वह्या, बंद केलेला लॅपटॉप, पेनांचा डबा, औषधांची पेटी, सगळे जागच्या जागी राहून पलंगाखाली जाते आणि सकाळी तसेच वर येते. या पलंगाची खरी किंमत मी या एका सोयीसाठी मोजली. मात्र टेबलावरची वस्तू वितीहून उंच असून चालत नाही. उभा मॉनिटर तिथे ठेवता येत नाही आणि टेबल-लॅम्पसुद्धा आडवा मिटणाराच घ्यावा लागतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला हे टेबल पुरते, मोठा संगणक वापरणाऱ्याला पुरत नाही.

पलंग आणि टेबल यांची ही सांगड नवी वाटली तरी बरीच जुनी आहे. शिकागोमध्ये फर्निचरचे दुकान चालवणाऱ्या सेरा गुड यांना १८८५ मध्ये अशाच एका पलंगाचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्यांचा पलंग मिटला की त्याचे लिहिण्याचे मेज होत असे आणि त्यात कागद, लेखण्या ठेवायला कप्पेही होते. गुलामगिरीत जन्मलेल्या गुड या अमेरिकन पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांपैकी एक. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फी यांनी भिंतीतल्या पलंगाचा धंदा उभा केला आणि आज आपल्याकडचे विक्रेतेही या वस्तूला मर्फी बेडच म्हणतात. दोघांचेही पलंग छोट्या भाड्याच्या जागांसाठी होते. आपल्याकडे बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब राहत असताना हाच प्रश्न वळकटी, माळा आणि पेटीचा दिवाण यांनी सोडवला होता. वळकटीत बिघडण्यासारखे काही नव्हते, हेही इथे नोंदवले पाहिजे.

आता बिघडू शकणाऱ्या भागाकडे. पलंग उचलण्याचे काम दोन बाजूंचे पंप करतात. विक्रेते त्यांना हायड्रॉलिक म्हणतात, पण त्यांत दाबाखाली भरलेला नायट्रोजन वायू असतो. प्रत्येक पंपाच्या अंगावर त्याचा जोर न्यूटनमध्ये छापलेला असतो. ढोबळ हिशेबाने दहा न्यूटन म्हणजे एक किलो वजनाचा जोर. गादी आणि चौकट मिळून वजन पन्नास-साठ किलो असले तरी पंप बिजागरीपासून फार थोड्या अंतरावर जोडलेले असल्यामुळे त्यांना त्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. म्हणूनच पंप गादीच्या वजनाशी जुळवून निवडलेले असावे लागतात. गादी ठरवलेल्यापेक्षा हलकी निघाली तर पलंग खाली राहायला कुरकुर करतो आणि कडी सोडताच वर उसळू पाहतो. जड निघाली तर शेवटच्या हातभर अंतरात धाडकन खाली येतो. कारागिराने गादी कोणती घेणार हे न विचारता पंप बसवून दिले, तर तिथेच त्याला थांबवावे. आमच्याकडे गादी आधी आणायला लावली, तिचे वजन केले आणि मग पंप ठरले. या बाबतीत कार्यशाळेला पैकीच्या पैकी गुण.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती वर्षभर वापरल्यावरच कळते. वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा १२ अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांपर्यंत जातो. एवढ्या फरकाने पंपाच्या जोरात साधारण एक दशांश फरक पडतो. त्यामुळे उन्हाळ्यात पलंग खाली ओढायला जास्त ताकद लागते आणि थंडीत तो वर जाताना आळसावतो. यात बिघाड काहीच नाही, पण पहिल्याच हिवाळ्यात ‘पंप गेले’ म्हणून तंत्रज्ञाला बोलावण्याआधी हे माहीत असलेले बरे. पंप खरोखर कमजोर झाले तर दोन्ही एकदम बदलावेत. एकच नवा घातला तर चौकटीला पीळ पडतो आणि बिजागऱ्या करकरू लागतात.

गादीची निवड वाटते तितकी मोकळी राहत नाही. खोक्याची खोली ठरलेली असल्याने आठ इंचांहून जाड गादी बहुधा बसत नाही. आमच्या खोक्यात सहा इंचांची बसली. कापसाची गादी इथे अजिबात चालत नाही, कारण दिवसभर उभी राहिल्यावर कापूस खाली उतरतो, पायथ्याला गोळे होतात आणि डोक्याकडे नुसती खोळ उरते. लॅटेक्सची गादी जड असते आणि उभी ठेवली की वाकते. रबर लावलेल्या काथ्याची गादी आकार टिकवते, पण वजन वाढवते. चांगल्या घनतेच्या फोमची सहा इंची गादी हा मध्यम मार्ग आम्हाला पटला. वडिलांना ती थोडी मऊ वाटते, आई मात्र काही म्हणत नाही.

भिंतीविषयी सर्वांत जास्त काळजी घ्यावी, आणि याच बाबतीत सर्वांत कमी विचारले जाते. मिटलेल्या पलंगाचे वजन पुढे झुकू पाहते आणि त्याला मागे धरून ठेवण्याचे काम भिंतीतले बोल्ट करतात. अलीकडच्या मिव्हान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतून बांधलेल्या, इमारतींत भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे ड्रिल चालवायला वेळ लागतो, पण अँकर फास्टनर पक्के बसतात. जुन्या इमारतींतली चार इंची विटांची आडभिंत आणि हलक्या एएसी ब्लॉकची भिंत यांचे तसे नाही. एएसी ब्लॉक म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचा ठोकळा; तो भुसभुशीत असतो. त्यात नेहमीचा प्लास्टिकचा गुल्ला आणि स्क्रू घातला तर आज घट्ट वाटेल आणि काही महिन्यांनी भोक मोठे झालेले दिसेल. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट), त्या ब्लॉकसाठीच मिळणारे खास गुल्ले, किंवा खोक्याचा माथा वरच्या काँक्रीट बीमला बांधणे, यांपैकी काहीतरी करावेच लागते. अमेरिकेत २०२२ मध्ये एका कंपनीचे सुमारे १,२९,००० भिंतीतले पलंग परत मागवण्यात आले; नीट न बांधलेला पलंग भिंतीपासून सुटून अंगावर पडू शकतो हे त्यामागचे कारण होते आणि त्यात एका वृद्धेचा मृत्यू झाला होता. हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण भिंत कशाची आहे हे ठोकून, भोक पाडून, बाहेर आलेल्या भुकटीचा रंग पाहून न ठरवता काम सुरू करणाऱ्या माणसाला परत पाठवण्याचे धैर्य हवे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय या वस्तूच्या वाटेला जाऊ नये.

खोका कशाचा करायचा, हा प्रश्न हवामानाचा आहे. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, दिसायला तसाच दिसतो, आणि ओल लागली की फुगतो. बिजागरीचे स्क्रू एकदा सैल झाले की त्याच भोकात पुन्हा पकड घेत नाहीत. इथे बिजागरीवर रोज ताण येतो, त्यामुळे खोक्याच्या दोन्ही उभ्या बाजू तरी आयएस ७१० मानकाच्या, म्हणजे पाण्याला दाद न देणाऱ्या मरीन, प्लायच्याच असाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. बाकीच्या कप्प्यांना, पुढच्या सजावटीच्या फळीला साधा प्लाय चालतो. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा वेगळा विचार करावा. मिटलेली गादी म्हणजे बंद कपाटातली गादी. चार दिवस पलंग उघडला नाही तर तिला कोंदट वास येतो आणि बाहेरच्या भिंतीला पाझर असेल तर मागच्या बाजूला बुरशी धरते. गादीखाली सलग फळीऐवजी पट्ट्यांची चौकट आणि खोक्याच्या पाठीला हवेसाठी भोके, एवढी तरतूद बनवतानाच करून घ्यावी. नंतर भोके पाडायची म्हटली तर सगळा पलंग उतरवावा लागतो.

पांघरुणांचा प्रश्न मात्र कोणालाच नीट सुटलेला नाही. गादीवरची चादर पट्ट्यांखाली दाबून राहते, पातळ सुती पांघरूणही घडी करून राहू शकते. पण दोन उशा, आईची गोधडी आणि थंडीतले ब्लँकेट घेऊन पलंग मिटत नाही. विक्रेता म्हणतो की बाजूला एक अरुंद कपाट करून घ्या. ते आम्ही केले, त्याचे पैसे वेगळे पडले, आणि रोज रात्री उशा काढणे व सकाळी परत ठेवणे हे काम शिल्लक राहिलेच. माझ्या कसोटीवर गुण कमी होतात ते इथे. खुर्चीचेही तेच. टेबल पलंगाखाली जाते, खुर्ची जात नाही. चाकांची मोठी खुर्ची असेल तर ती रात्री बाहेरच्या खोलीत ढकलावी लागते. आम्ही शेवटी मिटणारी साधी खुर्ची घेतली आणि पाठदुखीची तक्रार पत्करली.

झोपण्याचा अनुभव चांगला आहे. उभ्या पद्धतीच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता येते; लांब बाजू भिंतीला ठेवून मिटणाऱ्या आडव्या पद्धतीच्या पलंगात भिंतीकडच्या माणसाला शेजाऱ्याला ओलांडून यावे लागते, जे वयस्कर जोडप्याला रात्री सोसत नाही. खाली आलेल्या पलंगाची बैठक सतरा-अठरा इंच उंच ठेवून घेतली आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना जमिनीवरच्या गादीसारखे कष्ट पडत नाहीत. पुढचे पाय आपोआप उघडणारे घ्यावेत. हाताने उघडायचे पाय एखाद्या रात्री विसरले जातात आणि सगळे वजन बिजागरीवर येते. डोक्याकडच्या बाजूला आतल्या अंगाने दिवा आणि एक प्लग करून घेतला, हा खर्च सर्वांत कमी होता आणि त्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला.

टेबल म्हणून ते मध्यम आहे. फळी दोन हातांवर टांगलेली असल्याने जोरात टाइप केले की किंचित थरथरते. वहीत लिहिताना ते जाणवत नाही, संगणकावर सलग काम करताना जाणवते. फळीची खोली जेमतेम दीड फूट, त्यामुळे उघडे पुस्तक आणि लॅपटॉप एकामागे एक मावत नाहीत, शेजारी-शेजारी ठेवावे लागतात. चार्जरची वायर लोखंडी हातांत येऊ नये म्हणून तिला खोक्याच्या कडेने पट्टीतून नेणे आवश्यक आहे. हे काम आमच्या कारागिराने सांगूनही टाळले आणि नंतर आम्हीच करून घेतले. लहान मूल घरात असेल तर आणखी एक अट: मिटलेल्या अवस्थेतली कडी मोठ्या माणसाच्याच हाताला येईल इतक्या उंचीवर हवी, आणि ‘ती सहसा लागत नाही’ असे सांगणाऱ्याकडूनही ती लावूनच घ्यावी.

त्याच कार्यशाळेत इतरही काही बहुरूपी वस्तू होत्या, त्यांच्याविषयी थोडक्यात. झाकण उचलून जेवणाच्या उंचीला येणारे टीपॉय चांगले आहे, कारण झाकण सरळ वर येते आणि वरचे सामान हलत नाही. पण सहा माणसांसाठी फळ्या उलगडायच्या म्हटल्या की सगळे आवरावे लागते, आणि सहा खुर्च्या कुठून आणायच्या याचे उत्तर टीपॉयमध्ये नाही. एका चौकोनी ठोकळ्यातून पाच स्टुले निघतात तो प्रकार हळदीकुंकवाला किंवा गणपतीत दिसायला छान, मात्र एकदा वेगळी झालेली स्टुले स्वयंपाकघरात, गॅलरीत आणि मुलांच्या खोलीत पांगतात आणि ठोकळा पुन्हा जुळत नाही. तिथली मला खरोखर आवडलेली दुसरी वस्तू होती शिडीची खुर्ची. पाठ पुढे उलटवली की चार पायऱ्या तयार होतात. लंडनच्या मॉर्गन अँड सँडर्स यांनी १८११ मध्ये ग्रंथालयांसाठी अशी खुर्ची बाजारात आणली होती आणि तिची रचना आजही जवळजवळ तशीच चालते. तिच्यावर काही ठेवलेले नसते, तिच्याभोवती काही सरकवायचे नसते, आणि माळ्यावरचे डबे काढायला रोज नाही तरी आठवड्यातून एकदा ती लागतेच. वजनदार सागवानी आहे, एवढीच तक्रार. सोफा-कम-बेड मी तिथे पाहिलाही नाही.

खर्चाचे म्हणाल तर पलंग, टेबल आणि बाजूचे अरुंद कपाट मिळून आकडा लाखाच्या थोडा पुढे गेला, गादी त्यात नाही. त्याच पैशांत साधा पलंग, स्वतंत्र टेबल आणि एक बरे कपाट येऊ शकते. खोलीत या तिन्हींसाठी जागा असेल तर तेच घ्यावे. जिथे जागा नाही आणि पाहुणे महिन्यातून एक-दोनदा तरी मुक्कामाला येतात, तिथेच हा खर्च वसूल होतो. वर्षातून एखाददुसरा पाहुणा येणाऱ्या घराला जमिनीवरची जाड गादी पुरेल.

हमी लाकडाची वेगळी आणि यंत्रणेची वेगळी लिहून घ्यावी, आणि पंपांवरचा न्यूटनचा आकडा बिलावर उतरवून घ्यावा, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाकडूनही तसेच पंप मिळवता येतात. घर बदलताना पलंग उतरवण्याची रीत कारागिराकडून समजून घ्यावी. पलंग खाली असताना गादी कधीही काढायची नाही, कारण वजन गेले की पंप चौकट वर फेकतात. आधी पलंग उभा करून कडी लावायची, त्या स्थितीत पंप सोडवायचे, मग दोघांनी मिळून चौकट हाताने खाली आणायची आणि त्यानंतरच गादी उचलायची. आमच्या कार्यशाळेने ही माहिती खोक्याच्या आतल्या बाजूला कागदावर छापून चिकटवली आहे.